‘जागा देणे आहे’ : गिरगाव ते लालबाग या भागातील घरांवरील पाट्यांची परिणामकारकता

घर विकावयाचे अथवा भाड्याने द्यावयाचे असता त्या घरावरच तशी पाटी लावणे, ही प्रसिद्धीची सर्वांत साधी व सर्वांत स्वस्त पद्धत होय. तीस वृत्तपत्राचा खर्च नाही, दलाली नाही. आणि जी वस्तू द्यावयाची तीच जाहिरातीचे स्थान असल्यामुळे वाचणारास केवळ वर्णनावर विसंबून राहावे लागत नाही. असे असूनही गिरगाव, दादर, परळ व लालबाग या मुंबईच्या जुन्या मराठी वस्तीत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अर्धशतकात अशी पाटी क्वचितच दृष्टीस पडली. या काळात घरांचे व्यवहार थांबले होते असे मात्र नाही. खोल्या एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जात होत्या, त्यांचे मोल वाढत होते आणि त्यांपायी माणसे आयुष्यभराची शिल्लक वेचीत होती. या विसंगतीचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पाटी उपयोगी पडते की नाही, हा प्रश्न वरवर पाहता जाहिरातशास्त्राचा वाटतो. अक्षरे केवढी असावीत, फलक किती उंचीवर असावा, रहदारी किती असावी, अशा अंगांनी त्याचा विचार सामान्यतः केला जातो. परंतु मुंबईचा अनुभव निराळे सांगतो. येथे पाटीचे यशापयश तिच्या अक्षरांवर ठरले नाही. ते घर परक्या माणसाच्या स्वाधीन करण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, यावर ठरले. म्हणूनच पाटीचा इतिहास हा या शहरातील निवाऱ्याच्या हक्काचाही इतिहास ठरतो.

१. पाटी परिणामकारक होण्याच्या अटी

पाटीचे सामर्थ्य जेथे पूर्णपणे प्रकट झाले असे एक परदेशी उदाहरण आरंभी पाहणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेतील उपनगरांत घर बहुधा स्वतंत्र भूखंडावर उभे असते, त्याच्यापुढे अंगण असते आणि घर विकावयाचे झाल्यास तशी पाटी त्या अंगणात रोवली जाते. न्यू जर्सी राज्यातील विलिंगबरो या नगरात कृष्णवर्णीय कुटुंबे राहावयास येऊ लागली, तेव्हा गोरे घरमालक धास्तीने घरे विकून निघून जातील अशी भीती निर्माण झाली. एकाच्या अंगणातील पाटी पाहून शेजाऱ्याने घाबरावे व त्यानेही पाटी लावावी, असा प्रकार होऊ नये म्हणून तेथील नगरशासनाने १९७४ मध्ये अशा पाट्यांवरच बंदी घातली. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लिनमार्क असोसिएट्स या संस्थेच्या खटल्यात ही बंदी भाषणस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्द ठरविली. न्यायालयाच्या निर्णयाइतकीच येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पाटीवर बंदी घालावी असे शासनास वाटावे इतकी ती तेथे प्रभावी होती.

या प्रभावामागे तीन अटी असतात. पहिली, पाटी लावणारास ते घर दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचा पूर्ण व निर्वेध हक्क असला पाहिजे. दुसरी, रस्त्याने जाणारा जो वाचक, त्याला ते घर घेण्याची ऐपत असली पाहिजे आणि समाजानेही त्याला तेथे राहू दिले पाहिजे. तिसरी, घर रिकामे आहे हे जाहीर केल्याने पाटी लावणाराचे काही नुकसान होता कामा नये. या तिन्हींपैकी एकही ढळली तर फलक कितीही ठळक असला तरी तो व्यर्थ होय.

मुंबईच्या बाबतीत एक गोष्ट प्रथमच नमूद केली पाहिजे. येथील महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात जाहिरातींचे नियंत्रण करणारे ३२८ अ हे कलम आहे. त्यानुसार जाहिरातफलकास आयुक्तांची परवानगी लागते. तथापि ज्या इमारतीवर वा जमिनीवर फलक लावला आहे तिच्याच विक्रीसंबंधी किंवा ती भाड्याने देण्यासंबंधी तो असेल, आणि तो प्रकाशित नसेल, तर अशा परवानगीची गरज नाही. म्हणजे घरावरील साध्या पाटीस पालिकेच्या कायद्याने वाट मोकळीच ठेवली होती. ती अडली ती अन्य कारणांनी.

२. प्लेग आणि दारावरची अक्षरे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या दारांवर जी अक्षरे सर्वांत अधिक भयाने वाचली गेली, ती मालकांनी लिहिलेली नव्हती. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या मोहिमेत सरकारी पथके घरोघर फिरली आणि जी घरे मनुष्यवस्तीस अयोग्य ठरली त्यांच्यावर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगविण्यात आली. रोगाच्या व तपासणीच्या भीतीने लोक मोठ्या संख्येने गावी निघून गेले. १८९१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. ती १९०१ मध्ये ७,७६,००६ पर्यंत उतरली. खोल्या ओस पडल्या होत्या, परंतु त्यांत राहावयास येणारा वाचक रस्त्यावर नव्हता. केवळ जागा रिकामी असणे पाटीस पुरेसे नाही, हे या प्रसंगावरून दिसते.

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढणे, आरोग्यास अपायकारक घरे पाडणे व नवी वसाहत उभारणे ही त्याची कामे होती. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते या कामातूनच निघाले. परंतु जितक्या तडफेने खोल्या पाडल्या गेल्या तितक्या तडफेने नव्या बांधल्या गेल्या नाहीत. शहरात लोक परतू लागल्यावर गरीब वर्गासाठी जागेची टंचाई वाढली आणि रिकामी खोली ही गोष्ट पुन्हा दुर्मिळ झाली.

३. ओळखीने भरणाऱ्या चाळी

गिरगावातील चाळींची रचनाच अशी होती की, त्यांत खोली रिकामी झाल्याची वार्ता रस्त्यावर येण्यापूर्वीच ती आत भरली जाई. सामाईक गॅलरी, सामाईक नळ व एकच जिना यांमुळे कोणाची बदली झाली, कोणाचे बिऱ्हाड हलणार, हे साऱ्या चाळीस आगाऊ कळे. भाडे वसूल करणारा मेहताजी हा मालकाचा प्रतिनिधी. त्याच्या कानावर कोणातरी भाडेकरूने आपल्या आतेभावाचे वा गावकऱ्याचे नाव घातले की काम होई. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव साजरा करणाऱ्या केशवजी नाईकांच्या चाळीसारख्या वास्तू केवळ खोल्यांची रांग नव्हत्या; ते संघटित शेजार होते. अशा शेजारात नवा माणूस येणे ही केवळ मालकाची बाब राहत नसे.

याच प्रवृत्तीस गावदेवी येथे संस्थेचे रूप मिळाले. १९१५ मध्ये तेथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. या कार्यात श्रीपाद सुब्राव तालमकी यांचा पुढाकार होता व भारतातील सहकारी गृहनिर्माणाच्या आद्य प्रयत्नांत तिची गणना होते. परवडणारे व आरोग्यदायी घर मध्यमवर्गास मिळवून देण्याचे मोठे काम अशा संस्थांनी केले. परंतु घर कोणास मिळावे हे येथे सभासदत्वाने ठरत असे आणि सभासदत्व जातीच्या परिघात होते. रस्त्यावरच्या अनोळखी वाचकास उद्देशून काही लिहिण्याचा प्रसंगच तेथे येत नव्हता.

परळ, लालबाग व नायगाव या गिरणगावात ओळखीचे स्वरूप वेगळे होते. कोकणातून अथवा घाटावरून आलेला गडी प्रथम गाववाल्यांच्या खोलीवर उतरे. एकेका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या अशा खोल्यांत पाळीप्रमाणे माणसे झोपत व पाळीप्रमाणे कामावर जात. जेवण खानावळीत होई. गिरणीत काम मिळवून देणारा जॉबर पुष्कळदा राहण्याची सोयही लावून देई. वाण्याची उधारी, जॉबरचा शब्द व गाववाल्यांचा आधार हे कामगाराचे भांडवल असे. ते सोडून केवळ पाटी वाचून तो अन्यत्र राहावयास जाणे अवघड होते.

याचा पडताळा सरकारलाच आला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याची योजना आखली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. टंचाईच्या त्या काळातही यांतील पुष्कळ खोल्या दीर्घकाळ रिकाम्या पडून होत्या. सिमेंट काँक्रीटच्या कोंदट भिंती, कामगारास न पेलणारे भाडे आणि काही ठिकाणी गिरणीपासूनचे अंतर ही त्याची कारणे होती. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. खोल्या रिकाम्या आहेत हे गिरणगावास ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. वार्ता पोहोचली होती. ऐपत पोहोचली नव्हती.

आणि जेथे ऐपत होती तेथेही जातीचा अडसर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कुटुंब परळ येथे पोयबावडीत सुधार मंडळाच्या चाळीत राहत असे. १९१७ मध्ये बडोदे संस्थानाच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले असता अशा उच्चविद्याविभूषित माणसास तेथे राहावयास जागा मिळू शकली नाही. एका पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले. जागेची पाटी सर्वांस उद्देशून असते. दार मात्र सर्वांस उघडत नाही. वर दिलेल्या दुसऱ्या अटीचे याहून विदारक उदाहरण देण्याची आवश्यकता नाही.

४. दादर : पाटीचे अल्पकालीन वैभव

सुधार मंडळाच्या दादर–माटुंगा योजनेमुळे शहराच्या उत्तरेस आखीव रस्त्यांची नवी वस्ती तयार झाली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी व त्यानंतर शिवाजी पार्कचा परिसर येथे १९२० ते १९४० या दोन दशकांत तीन-चार मजल्यांच्या इमारती उठल्या. चाळीतील खोलीऐवजी स्वयंपाकघर, मोरी व संडास आत असलेला ‘ब्लॉक’ हा राहणीचा नवा प्रकार येथे रुजला. गिरगावातील नोकरदार कुटुंबे हळूहळू दादरकडे सरकू लागली. डॉ. आंबेडकरांनीही १९३० नंतरच्या वर्षांत हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. ते स्वतःच्या मालकीचे घर होते, हे येथे अर्थपूर्ण आहे.

या काळात मालकास भाडेकरूची गरज होती. बांधकामात भांडवल गुंतविलेले, भाडे बाजारभावाने ठरणारे, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात १९१८ साली झालेले भाडेनियंत्रणाचे कायदे दशकभरात मागे पडलेले. अशा स्थितीत नव्या इमारतीच्या कठड्यास ‘टु लेट’ची पाटी बांधली जाई आणि जागेच्या शोधात निघालेले कुटुंब संध्याकाळी फिरत फिरत दोन-चार ठिकाणी चौकशी करून येई. युद्धपूर्व दादरच्या जुन्या रहिवाशांच्या आठवणींत अशा पाट्यांचा उल्लेख वारंवार येतो. मालकास हक्क होता, वाचकास ऐपत होती आणि पाटी लावण्यात तोटा नव्हता. तिन्ही अटी एकत्र आल्या तेव्हा पाटीने आपले काम चोख बजावले. अर्थात जातीची व धर्माची चौकशी जिन्यात होतच असे.

५. युद्ध, भाडेनियंत्रण व जागाताबा

हे वैभव दुसऱ्या महायुद्धाबरोबर संपले. १९३९ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा पुन्हा आला, १९४४ मध्ये त्यास नवे रूप मिळाले आणि अखेर १९४७ चा ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण’ कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे सामान्यतः ‘प्रमाणभाडे’ मानले गेले. भाडे देत असलेल्या व अटी पाळीत असलेल्या भाडेकरूस काढणे मालकास अतिशय कठीण झाले. युद्धकाळातील आवक व फाळणीनंतर आलेले निर्वासित यांमुळे शहराची लोकसंख्या १९४१ मधील सुमारे १५ लाखांवरून १९५१ मध्ये २३ लाखांवर गेली होती. हजारो कुटुंबांचा निवारा या कायद्याने वाचविला, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनीही मान्य करावयास हवी.

पाटीच्या दृष्टीने याहूनही निर्णायक ठरला तो १९४८ चा जमीन अधिग्रहण कायदा. या कायद्याच्या सहाव्या कलमानुसार जागा रिकामी होताच मालकाने ती विहित नमुन्यात सरकारला कळविणे बंधनकारक होते आणि सरकारला ती सार्वजनिक कारणासाठी ताब्यात घेता येत असे. या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने भानजी मुनजी खटल्यात १९५४ मध्ये मान्य केली. आता रिकाम्या जागेवर पाटी लावणे म्हणजे ती जागा सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेस आणून देणे होय, असे मालकास वाटू लागले. ज्या फलकाने पूर्वी भाडेकरू येत असे, त्याच फलकाने आता सरकारी हुकूम येण्याची शक्यता होती. तिसरी अट येथे पूर्णपणे ढळली. पालिकेच्या कायद्याने पाटी लावण्यास दिलेली मोकळीक कागदावर कायम राहिली. तिचा उपयोग करणारा मात्र उरला नाही.

६. पागडी : पाटीविना चालणारा बाजार

प्रमाणभाडे गोठले व भाडेकरूचा हक्क पक्का झाला, याचा परिणाम असा झाला की, खोलीचे खरे मोल भाड्यात न राहता भाडेकरूपणात साठले. हे मोल ज्या रकमेने वसूल होई ती ‘पागडी’ होय. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून ती घेई आणि नव्या माणसाच्या नावे भाडेपावती करून देण्याबद्दल मालक तीतील हिस्सा घेई. हा हिस्सा पुष्कळ ठिकाणी एक तृतीयांशाच्या आसपास असे. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे हा गुन्हा ठरविला होता. व्यवहार तर होणारच होता. पण तो जाहीर करणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे होते.

अशा बाजारात पाटीस स्थान नसणे स्वाभाविक होय. कारण येथे विकली जाणारी वस्तू घर नव्हती, तर पावतीवरील नाव होते. जाणारा भाडेकरू, येणारा भाडेकरू व मालक या तिघांचा एकमेकांवर विश्वास असल्याखेरीज ते नाव बदलत नसे आणि रकमेस कागद नसल्यामुळे विश्वास हाच एक पुरावा होता. म्हणून परळमधील खोलीची वार्ता चहाच्या हॉटेलात, वाण्याच्या दुकानात, गिरणीच्या दारात व गावच्या मंडळाच्या बैठकीत फिरे. दलाल असे, पण त्याचेही दुकान नसे. तो कोणाचा तरी ओळखीचाच असे. वृत्तपत्रांतील ‘जागा पाहिजे’ या सदरात शोधणाऱ्याची गरज दिसे. देणाऱ्याचे नाव क्वचितच उघड होई. पाटी जाऊन तिची जागा कुजबुजीने घेतली, आणि कुजबुज तेवढ्यांनाच ऐकू आली जे आधीच जवळ उभे होते. शहरात नव्याने आलेल्या, ओळख नसलेल्या माणसास पाटीच्या अभावाची किंमत सर्वांत अधिक मोजावी लागली. त्याच्या वाट्याला पोटभाडे किंवा झोपडपट्टी आली.

सरकारने वेळोवेळी केलेल्या दुरुस्त्यांनी मालकाची धास्ती वाढविली. १९५९ मध्ये तोवरच्या पोटभाडेकरूंना संरक्षण मिळाले. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला. प्रत्येक दुरुस्तीने आत असलेल्याचा निवारा पक्का केला आणि बाहेर असलेल्यापुढील दार आणखी लोटले. रिकामी खोली अनोळखी माणसास देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे अनेक मालकांना शहाणपणाचे वाटू लागले. तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती होईना, तेव्हा जीर्ण इमारतींसाठी उपकर घेऊन दुरुस्ती व पुनर्रचना करणारे मंडळ १९६९ च्या कायद्याने स्थापावे लागले. त्यानंतर गिरगाव व लालबागच्या अनेक चाळींवर पाटी आली, पण ती ‘देणे आहे’ अशी नव्हती. इमारत धोकादायक असल्याची ती सूचना होती.

७. मालकीच्या घरांचा उदय व पाटीचे पुनरागमन

भाड्याने घर देणे तोट्याचे झाल्यावर बांधणारांनी ते विकावयास आरंभ केला. सदनिकांच्या विक्रीतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९६३ मध्ये मालकी सदनिकांचा कायदा केला. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा त्यापूर्वीच झाला होता. विकावयाच्या घराचा हक्क स्पष्ट असल्यामुळे पाटीची पहिली अट पुन्हा पुरी होऊ लागली. परंतु ही नवी पाटी एका घराची नव्हती. ती बांधकामाच्या जागेवरील पत्र्याच्या कुंपणावर लागे, तीवर इमारतीचे चित्र असे आणि जे घर विकावयाचे ते अद्याप उभे राहिलेले नसे. वाचणारास वस्तू समोर दिसते हा जुन्या पाटीचा जो मुख्य गुण, तोच येथे नाहीसा झाला. पाटीवरील विश्वासाची जागा बांधणाऱ्याच्या आश्वासनाने घेतली.

जुन्या घरांच्या बाबतीत बदल उशिरा आला. मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या प्रमाणभाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी झाल्याचे सांगितले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीस कायदेशीर मान्यता दिली, परवाना संपलेल्या माणसाकडून जागा परत मिळविण्याची सोय केली आणि करारनाम्याची नोंदणी सक्तीची केली. यानंतर दादर, परळकडील दुकानांच्या फळ्यांवर ‘जागा भाड्याने देणे-घेणे’ असे उघडपणे लिहिले जाऊ लागले. मात्र ही पाटी घरावर नसून दलालाच्या दुकानावर आहे, हे विसरता कामा नये. पाटी परत आली ती मध्यस्थाच्या मालकीची होऊन आली.

८. गिरण्यांच्या जमिनीवरील फलक

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे कल्पिले होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी व एक मालकासाठी. २००१ मध्ये या नियमात बदल होऊन वाटणी मुख्यतः रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने केलेल्या विक्रीत दादरच्या कोहिनूर गिरणीच्या जमिनीस ४२१ कोटी, तर परळच्या मुंबई टेक्सटाइल मिलच्या जमिनीस ७०२ कोटी रुपये आले.

यानंतर लालबाग–परळच्या उड्डाणपुलांच्या कडेने घरांच्या जाहिरातींचे प्रचंड फलक उभे राहिले. त्यांची भाषा पुष्कळदा इंग्रजी होती आणि त्यांवर कित्येकदा परळचे नावही नसे. लोअर परळास ‘अपर वरळी’ म्हणण्यापर्यंत मजल गेली. या फलकांची परिणामकारकता कोणत्या मापाने मोजावयाची हा प्रश्न येथे उपस्थित होतो. विक्रीच्या मापाने ते यशस्वी असतीलही. परंतु ज्या रस्त्यावर ते उभे होते त्या रस्त्याने पिढ्यानपिढ्या चालणारा माणूस त्यांचा वाचक नव्हता. गिरणी कामगाराचे घर फलकावरून आले नाही. त्यासाठी संघटनांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले, आणि २०१२ च्या जून महिन्यात निघालेली ६,९२५ घरांची सोडत हा त्यातील एक टप्पा होय. अर्जदारांची संख्या घरांच्या कितीतरी पट होती.

फलकांवरील आश्वासनांना कायद्याने बांधून घेण्याचा प्रयत्न २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने झाला. नोंदणी केल्याखेरीज प्रकल्पाची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक देणे सक्तीचे केले. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर संकेतचिन्ह छापणेही बंधनकारक झाले. रस्त्यावरील वाचकास आता फलकाजवळ उभे राहून प्रकल्पाची अधिकृत माहिती पाहता येते. जुनी पाटी घर दाखवून विश्वास मिळवी. नवा फलक नोंदीचा आधार देऊन तो मिळवू पाहतो. परंतु ही तरतूद नव्या प्रकल्पांस लागू आहे. चाळीतील खोलीचे हस्तांतर अद्याप बरेचसे ओळखीवरच चालते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात घरावरील पाटी खऱ्या अर्थाने परिणामकारक ठरली ती मुख्यतः दोन महायुद्धांमधील दादरसारख्या नव्या वस्तीत. तेथे मालकाचा हक्क, वाचकाची ऐपत व जाहीर करण्यातील निर्भयता ही तिन्ही एकत्र आली होती. दोन, पाटी नाहीशी झाली म्हणून बाजार नाहीसा झाला नाही. तो पागडीच्या रूपाने अंधारात गेला आणि त्याचा लाभ ओळख असलेल्यांपुरता मर्यादित राहिला. तीन, पाटी परत आली तेव्हा ती बांधणाऱ्याच्या व दलालाच्या हाती होती, आणि तिचा वाचक बदललेला होता.

भाडेनियंत्रणाने केलेले संरक्षण व त्याने निर्माण केलेला अडसर या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत. आत असलेल्या कामगारास ज्या कायद्याने छप्पर राखून दिले, त्याच कायद्याने त्याच्या धाकट्या भावास शहराच्या टोकाला पाठविले. यांपैकी एकाच बाजूकडे पाहून केलेला न्याय अपुरा ठरेल. त्याचप्रमाणे चाळीतील ओळखीची प्रथा ही केवळ संकुचितपणाची खूण मानणेही चुकीचे होईल. अनोळखी शहरात गावाकडच्या माणसास पहिली रात्र काढावयास जागा त्याच प्रथेने दिली. परंतु ज्याला गाव नाही, ज्याची जात आड येते, अथवा ज्याच्या धर्माविषयी जिन्यात विचारणा होते, त्याला ही प्रथा कधीच पुरली नाही. अशा माणसाच्या दृष्टीने ‘जागा देणे आहे’ हे तीन शब्द उघड्यावर लिहिले जाणे, आणि ते वाचून आलेल्या कोणासही दार उघडले जाणे, यालाच घराच्या बाजाराची परिणामकारकता म्हणावे लागेल. मुंबईच्या या जुन्या वस्तीत पहिली गोष्ट काही काळ घडली. दुसरी अद्याप पूर्णपणे घडावयाची आहे.